तण कुठलं, बांध कुठला

ऑक्टोबर २०२३. ‘काउंटर-स्ट्राइक २’ येऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते. एएमडीचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या काही खेळाडूंनी नवा ड्रायव्हर टाकला, त्यातलं ‘अँटी-लॅग प्लस’ नावाचं बटण चालू केलं आणि खेळायला बसले. थोड्याच वेळात त्यांच्या खात्यांवर बंदी आली, आणि कारण होतं फसवणूक. यांतल्या कुणी चोरटं सॉफ्टवेअर घेतलं नव्हतं. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनेच आपल्या अधिकृत ड्रायव्हरमधून दिलेली सोय त्यांनी वापरली होती. पण ही सोय चालायची कशी, तर खेळाच्या आतली फंक्शनं मध्येच अडवून आपल्याकडे वळवून घ्यायची. फसवणुकीची सॉफ्टवेअरंही असंच आत शिरतात. दोघंही खिडकीतून आले, तर त्यातला पाहुणा कोण आणि चोर कोण हे पहारेकऱ्याने कसं ओळखायचं? खेळाची मालक कंपनी व्हॉल्व हिने जाहीर इशारा दिला, की हे बटण चालू करू नका. एएमडीने तो ड्रायव्हर मागे घेतला. चुकून आलेल्या बंद्या नंतर उठवल्या गेल्या. २०२४ मध्ये ‘अँटी-लॅग २’ आलं, ते खेळ बनवणाऱ्यांनी स्वतःच खेळात बसवायचं अशा रीतीने. म्हणजे या वेळी पाहुणा दारातून आला.

ही सगळी धडपड होती काही मिलिसेकंदांसाठी. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यापुढे पाच-दहा मिलिसेकंद कसली, असं वाटणं साहजिक आहे. पण कबड्डीत चढाईवरून परतणाऱ्याची बोटं मध्यरेषेला आधी टेकली, की पकड आधी बसली, एवढ्यावर गुण ठरतो. दोघांनी किती वेळ घेतला हे तिथे कुणी मोजत नाही. दोघांमधला फरक किती, एवढंच पाहिलं जातं. गोळीबाराच्या खेळात एका कोपऱ्यावर दोन तरबेज खेळाडू समोरासमोर आले, की दोघांचीही प्रतिक्रिया जवळजवळ सारखीच असते. म्हणून मुलं या मिलिसेकंदांच्या मागे लागतात, आणि त्यांना वेडं ठरवणं मला पटत नाही.

हा वेळ कुठे कुठे खर्च होतो ते आधी पाहू. माउस आपली खबर ठरावीक अंतराने संगणकाला देतो. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. खेळासाठीचा माउस १००० वेळा, दर मिलिसेकंदाला. मग प्रोसेसर त्या क्षणाचं खेळातलं जग मांडतो, कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली. ते चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाच्या रांगेत जाऊन बसतं. कार्ड चित्र काढतं, मॉनिटर ते पडद्यावर उतरवतो. ऑनलाइन खेळात याच्या जोडीला सर्व्हरपर्यंतची ये-जा, म्हणजेच पिंग, आलीच. नागपूर ते मुंबई सुमारे ८०० किलोमीटर धरलं आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो हे लक्षात घेतलं, तर नुसत्या जाण्यायेण्याला ८ मिलिसेकंद लागतात. तार काही सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून मोठाच येतो. हे ८ मिलिसेकंद कुठल्याही सॉफ्टवेअरने कमी होत नाहीत. ‘पिंग निम्मा करतो’ असं सांगणारं काहीही विकत घेण्याआधी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

माझा भाचा नागपूरला असतो, अकरावीत आहे. जानेवारीत त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मला संगणकापुढे बसवलं आणि एक वही उघडली. वेगवेगळे व्हिडिओ बघून त्याने पीसीचा वेग वाढवण्याचे तेवीस उपाय लिहून ठेवले होते. काही करून झाले होते, काही बाकी होते. त्याच संगणकावर माझ्या मेहुण्यांच्या दुकानाचं टॅली आहे, बहिणीने दहा वर्षं जपलेले फोटो आहेत, बँकेचं कामही तिथूनच चालतं. वही वाचताना मला सतत शेत दिसत होतं. पिकाचं पाणी आणि खत तण खातं. ते उपटलं की पीक जोर धरतं आणि नुकसान कशाचंच होत नाही. बांधही जागा अडवतो, तो फोडला तर दोन ओळी जास्त पेरता येतील. पण पहिल्याच मोठ्या पावसात माती वाहून जाते. वहीतल्या तेवीस ओळींत तणही होतं आणि बांधही होते, आणि व्हिडिओवाल्यांनी दोन्ही एकाच सुरात सांगितलं होतं.

मी त्याला म्हटलं, वही राहू दे, आधी डिस्प्लेची सेटिंग उघड.

“मामा, मॉनिटर १४४ चाच घेतलाय,” तो म्हणाला.

सिस्टीम, डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे आकडा होता ६० हर्ट्झ. आठ महिने तो १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ६० हर्ट्झने खेळत होता. ६० हर्ट्झला नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला दर ६.९ मिलिसेकंदांनी. वहीतल्या तेवीस उपायांची बेरीज केली असती तरी एवढं हाती लागलं नसतं. त्याने यादीतून १४४ निवडलं, पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. मग बराच वेळ तो नुसता माउसचा बाण गोल गोल फिरवत राहिला. काही बोलला नाही.

हा घोळ फार घरांत असतो. विंडोज आपणहून ६० वर थांबतं, किंवा मॉनिटरबरोबर न आलेली जुनी एचडीएमआय केबल लावलेली असते आणि तिच्यातून जास्त वेग जातच नाही. काही ठिकाणी तर केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली सापडते, म्हणजे महागडं कार्ड बाजूला पडतं आणि खेळ प्रोसेसरमधल्या लहान ग्राफिक्सवर चालतो.

दुसरं तण रॅममध्ये निघालं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग २१३३ दिसत होता. रॅमच्या खोक्यावर छापलं होतं ३२००. मेमरी विकताना खोक्यावरचा वेग छापतात, पण मदरबोर्ड पहिल्यांदा चालू होतो तेव्हा सगळ्यांना चालेल असा सावकाश, ठरीव वेग धरतो. छापलेला वेग हवा तर बायोसमध्ये जाऊन एक प्रोफाइल निवडावी लागते. इंटेलच्या जगात तिला एक्सएमपी म्हणतात. एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये एक्स्पो आणली. संगणक पुन्हा चालू करताना डिलीट दाबून आम्ही बायोसमध्ये शिरलो, एक्सएमपीपुढचं ‘डिसेबल्ड’ बदलून ‘प्रोफाइल १’ केलं, एफ१० दाबून बाहेर आलो. मग कॅबिनेट उघडलं, तर आणखी एक गोष्ट दिसली. रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत होत्या, त्यामुळे दोन रस्ते असून वाहतूक एकाच रस्त्याने चालली होती. मदरबोर्डच्या पुस्तिकेत दुसरी आणि चौथी खाच सांगितली होती. तशा बसवल्या. खेळ तोच, नकाशा तोच, पण चित्राचं मधूनच अडकणं बऱ्यापैकी कमी झालं.

एक्सएमपीला मी तणाच्या यादीत घालतो, पण हात थोडा आखडता ठेवून. हा वेग ठरीव मापापेक्षा जास्त असल्यामुळे प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या लेखी ते ओव्हरक्लॉकिंगच ठरतं, आणि एक्स्पो वापरल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही असं एएमडी स्पष्ट लिहिते. हा कागदावरचा इशारा एप्रिल २०२३ मध्ये खरा झाला. रायझन ७००० मालिकेतल्या, विशेषतः ७८००एक्स३डी सारख्या जळलेल्या प्रोसेसरांचे फोटो समोर येऊ लागले. खालची बाजू फुगलेली, सॉकेट काळं पडलेलं. एक्स्पो चालू केली की काही मदरबोर्ड मेमरीला आधार म्हणून प्रोसेसरच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने मग त्या व्होल्टेजवर १.३ ची कमाल मर्यादा घातली आणि ती सगळ्या मदरबोर्डांच्या नव्या बायोसमधून आली. बायोस ताजं असेल तर आज एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करायला मी कुणालाही बिनदिक्कत सांगतो. बायोस जुनं असेल तर आधी ते बदलायला सांगतो. आणि ते बदलताना वीज जायला नको. वरचेवर दिवे जाणाऱ्या गावात हे काम यूपीएसशिवाय करू नये. अर्धवट लिहिलेलं बायोस म्हणजे पुन्हा चालू न होणारा मदरबोर्ड. दुसरं बायोस असलेला किंवा पेनड्राइव्हवरून परत लिहिता येणारा मदरबोर्ड असेल तर तो वाचतो, पण स्वस्त मदरबोर्डांत ही सोय बहुतेक वेळा नसते.

वहीत अशाही ओळी होत्या, ज्या तण नाहीत आणि बांधही नाहीत. त्या नुसत्याच लिहिलेल्या होत्या. ‘नेगल बंद करा’ ही त्यातली सर्वांत लोकप्रिय. १९८४ मध्ये फोर्ड एरोस्पेसमध्ये काम करणाऱ्या जॉन नेगल यांच्या लक्षात आलं, की एका अक्षरासाठी चाळीस बाइटांचा पत्ता जोडून पाकीट पाठवलं जातं आणि त्यानेच नेटवर्क तुंबतं. त्यांनी तोड काढली: आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत लहान लहान तुकडे साठवा आणि एकत्र पाठवा. काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय स्टँडवरून हलत नाही, तसं. खेळाला ही वाट बघणं परवडणार नाही, म्हणून रजिस्ट्रीत जाऊन ते बंद करा, असा सल्ला असतो. पण नेगल यांची रीत टीसीपी नावाच्या वाहतुकीला लागू आहे, आणि गोळीबाराचे वेगवान खेळ आपली हालचाल यूडीपीने पाठवतात. यूडीपी त्या स्टँडवर जातच नाही. तिथल्या जीपचा नियम बदलून याच्या प्रवासाला काय फरक पडणार?

टायमरचंही तसंच. विंडोज आपलं घड्याळ एरवी दर १५.६ मिलिसेकंदांनी बघतं. एखाद्या प्रोग्रॅमने मागितलं तर ते १ किंवा अगदी अर्ध्या मिलिसेकंदावर येतं. पूर्वी एकाने मागितलं की सगळ्या संगणकाला ते लागू व्हायचं, म्हणून घड्याळ कायम अर्ध्यावर ठेवणारी छोटी साधनं निघाली. विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून मागेल त्यालाच मिळेल अशी रचना झाली. खेळाला हवं ते खेळ स्वतःच मागतो. शेजारी चालणारं ते साधन आता बहुतेक संगणकांवर स्वतःपुरतंच घड्याळ बघत बसतं, तरी व्हिडिओंमध्ये ते अजून आहे.

भाचा म्हणाला, “पण मला फरक जाणवला होता.” तो खोटं बोलत नव्हता. तासभर खटपट करून आपण काही बदललं, की पुढचा सामना आपण जास्त लक्ष देऊन खेळतो. म्हणून मोजावं लागतं, आणि मोजणं म्हणजे कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या चित्रांचा, आकडा पाहणं नव्हे. एका सेकंदात २०० चित्रं आली असं धरू. त्यातली १९९ चित्रं पावणेपाच-पावणेपाच मिलिसेकंदांत आली आणि एक चित्र ५० मिलिसेकंद अडकलं, तरी सरासरी २०० च दिसते. तुम्ही मेलात तो क्षण मात्र त्या ५० मिलिसेकंदांत होता. यासाठी जाणकार सरासरीबरोबर सर्वांत वाईट एक टक्का चित्रांचा वेग बघतात. इंटेलचं प्रेझेंटमॉन आणि त्याच्या आधारावर उभी राहिलेली कॅपफ्रेमएक्ससारखी मोफत साधनं प्रत्येक चित्राचा वेळ नोंदवतात. एका वेळी एकच बदल करायचा, संगणक परत चालू करायचा, तोच नकाशा तीनदा फिरायचा आणि मग आकडे शेजारी लिहायचे. काम कंटाळवाणं आहे, पण वहीतल्या निम्म्या ओळी यातच गळून पडतात.

मोजायला लागलं की उलट वाटणाऱ्या काही गोष्टीही कळतात. ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने राबत असेल, तर त्याच्या दारात चित्रांची रांग लागते, आणि तुम्ही बटण दाबलंत ते रांगेतल्या शेवटच्या चित्रात दिसतं. एफपीएसवर थोडी खालची मर्यादा घातली की रांग मोडते आणि खेळ जास्त चटपटीत लागतो, आकडा कमी दिसत असूनही. एनव्हिडियाने सप्टेंबर २०२० मध्ये आणलेलं रिफ्लेक्स हेच काम खेळाच्या आतून, खेळ बनवणाऱ्यांच्या संमतीने करतं. खेळाच्या सेटिंगमध्ये ते दिसत असेल तर चालू करावं. त्यात धोका काही नाही. ग्राफिक्सची गुणवत्ता सरसकट खाली ओढणंही नेहमी फायद्याचं नसतं. ‘काउंटर-स्ट्राइक २’ मध्ये कोपऱ्याआड उभ्या माणसाची सावली आधी दिसते. सावल्या बंद करून मिळालेल्या दहा-वीस फ्रेम त्या सावलीएवढ्या मोलाच्या नाहीत. वायफाय सोडून भिंतीकडेने पंधरा मीटर लॅनची तार ओढणं, विंडोजचं ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करणं, लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळणं, ही सगळी अशीच बिनधोक्याची कामं आहेत. त्यांवर जास्त बोलत नाही.

आता बांध. वहीत सातव्या ओळीवर होतं, ‘विंडोज अपडेट कायमचं बंद’. खेळाच्या मध्येच अपडेट सुरू झालं तर राग येतो, हे मान्य. त्यासाठी अपडेट काही दिवस पुढे ढकलता येतं, खेळायची वेळ सांगून ठेवता येते. कायमचं बंद करणं ही निराळी गोष्ट आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भगदाडावर ठिगळ दिलं. ते न लावलेल्या लाखो संगणकांवर १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर तुटून पडलं; ब्रिटनमध्ये रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच भगदाडाचाही आधार घेणाऱ्या नॉटपेट्याने जूनमध्ये जगभर धुमाकूळ घातला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. वॉनाक्रायला कुणी फाइल उघडायचीही गरज पडत नव्हती. संगणक नेटवर्कवर चालू असला की पुरे.

नव्या विंडोजमध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची एक सोय असते. विंडोजच्या गाभ्यात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची ती एका बंद खोलीतून तपासणी करते. या तपासणीला वेळ लागतो: नव्या प्रोसेसरांवर थोडा, या कामासाठी खास सोय नसलेल्या जुन्या प्रोसेसरांवर जास्त. मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये लिहिलं, की खेळताना वेग हवा तर हे बंद करता येईल, खेळ संपल्यावर परत चालू करा, आणि बंद असताना संगणकाला धोका वाढतो. प्रामाणिक सल्ला आहे. पण दर वेळी संगणक पुन्हा चालू करून ते परत सुरू करणारा खेळाडू मला अजून भेटायचा आहे. ज्या संगणकावर फक्त खेळ आहे, बँक नाही, घरच्यांचं काही नाही, तिथे मी हा विचार ऐकून घेईन. मेहुण्यांच्या टॅलीच्या संगणकावर नाही.

गाभ्यापर्यंत पोचणारा ड्रायव्हर किती नाजूक जागा आहे, हे गेमिंगच्याच जगाने दाखवून दिलं. ग्राफिक्स कार्डाचा वेग बदलायला लाखो लोक वापरतात त्या एमएसआय आफ्टरबर्नरच्या ड्रायव्हरमध्ये एक त्रुटी होती, ती २०१९ मध्ये जाहीर झाली होती. २०२२ मध्ये ब्लॅकबाइट नावाच्या खंडणीखोर टोळीने तो अस्सल, सहीशिक्क्याचा ड्रायव्हर स्वतःच सोबत नेऊन लोकांच्या संगणकांवर बसवला आणि त्याच्या आडून अँटीव्हायरस गप्प केले. त्याच वर्षी ‘गेनशिन इम्पॅक्ट’ या खेळाच्या फसवणूक पकडणाऱ्या ड्रायव्हरचाही असाच गैरवापर झाला. याचा अर्थ आफ्टरबर्नर फेकून द्या असा नाही. ताजी आवृत्ती अधिकृत जागेवरूनच घ्या, आणि काम झाल्यावर नको असेल तर काढून टाका. पण ज्या ‘बूस्टर’ साधनाचा कर्ता कोण हेच कळत नाही, ते गाभ्याची किल्ली मागत असेल, तर ती देऊ नये. कुणीतरी आधीच ‘हलकं’ करून ठेवलेलं विंडोज उतरवून घेणं तर त्याच्याही पुढचं आहे. त्यात डिफेंडर काढलेला असतो, अपडेट तोडलेलं असतं, आणि आणखी काय घातलंय ते घालणाऱ्यालाच माहीत.

खेळांचे पहारेकरीही आता या बांधांकडे बघतात. जून २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’ आला तो व्हॅनगार्ड घेऊन. हा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि संगणक सुरू होतानाच जागा होतो. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. ‘सिक्युअर बूट बंद करा, वेग वाढतो’ असा सल्ला मानून ते बंद करणाऱ्याचा खेळच सुरू होत नाही. हे पहारे एवढे कडक का झाले, त्यात आपल्याकडचाही एक अध्याय आहे. २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत एका भारतीय संघाच्या खेळाडूच्या संगणकावर सामना चालू असताना फसवणुकीची फाइल सापडली. संघ बाद झाला आणि नंतर मोडला. त्या संघातल्या बाकीच्या मुलांची काय चूक होती, हा प्रश्न मला अजून टोचतो.

नियमसुद्धा सरकत असतात. जुलै २०२४ मध्ये रेझरने आपल्या कीबोर्डांत ‘स्नॅप टॅप’ आणलं: डावी आणि उजवी कळ एकाच वेळी दाबली गेली तर शेवटची धरायची. धावता धावता जागच्या जागी थांबून नेम धरायचं कसब शिकायला वर्षं लागतात, ते कळीतच आलं. महिनाभरातच, ऑगस्टमध्ये, व्हॉल्वने आपल्या सर्व्हरांवर असं स्वयंचलित थांबणं निषिद्ध केलं. असे कीबोर्ड विकत घेतलेले अनेकजण सामन्यातून बाहेर फेकले गेले. काही घेण्याआधी ज्या खेळासाठी घेतोय त्याचे नियम वाचणं एवढंच अशा वेळी हातात असतं.

राहिलं व्होल्टेज. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर बिनतक्रार ४५० ला पळायचा. दीडपट वेग, फुकटात. ओव्हरक्लॉकिंगचं आकर्षण त्या पिढीतून आजवर आलंय. पण आजचा प्रोसेसर तसा राहिलेला नाही. तापमान आणि विजेचा अंदाज घेत तो सेकंदाला कित्येकदा स्वतःच स्वतःला ताणतो. कारखान्यातून निघतानाच रस बहुतेक पिळून झालेला असतो. उरलेल्या थेंबासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज दहा टक्के वाढवलं तर त्याच वेगालाही वीज आणि उष्णता सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढते. वेग किती मिळतो? दोन-तीन टक्के, तोही प्रत्येक खेळात नाही. जास्त व्होल्टेज चिप हळूहळू झिजवतं, आणि ती झीज भरून येत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत हेच दिसलं. खेळ सुरू होताना ते कोसळायचे, कधी ग्राफिक्सची मेमरी संपल्याचा चुकीचा संदेश यायचा, आणि लोक बिचारं ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. प्रोसेसरच्या आतलीच आज्ञावली गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती, त्यात अनेक मदरबोर्डांनी विजेच्या मर्यादा मुळातच सैल सोडल्या होत्या. ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्त्या आल्या, इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजून गेलेला प्रोसेसर दुरुस्तीने पूर्ववत होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे या पिढीचा प्रोसेसर आहे त्यांनी हे वाक्य वाचून झाल्यावर आपल्या बायोसची आवृत्ती बघावी.

मी नागपूरहून परतल्यावर भाच्याने रॅम ३२०० वरून ३६०० वर नेली. फोन करून सांगितलं, मेमरीची तपासणी रात्रभर चालवली, एकही चूक नाही. जानेवारीची रात्र होती ती. मी त्याला म्हटलं, हीच तपासणी मे महिन्यात दुपारी तीनला कर. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे गळका घडा असतो, त्यातला विजेचा साठा सतत झिरपतो आणि पुन्हा पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास जातो, कूलरची दमट हवा खोलीत फिरत असते, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून कितीतरी जास्त. परदेशातल्या वातानुकूलित खोलीत बसून केलेल्या व्हिडिओतले आकडे त्या कॅबिनेटला लागू होत नाहीत.

त्याने मे मध्ये तपासणी चालवली. चाळीस मिनिटांत अकरा चुका. खेळ मात्र एकदाही बंद पडला नव्हता, आणि मला भीती वाटते ती याचीच. प्रोसेसर अस्थिर झाला तर संगणक बंद पडतो, आपल्याला कळतं. रॅम किंचित अस्थिर असेल तर ती गुपचूप एखादा बिट उलटा करते, आणि तो बिट नंतर डिस्कवर लिहिला जातो. तो खेळाच्या चित्रातला असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तो एखाद्या फोटोतला असू शकतो, विंडोजच्या फाइलमधला असू शकतो, मार्च अखेरच्या हिशेबातला असू शकतो. आणि रोज बॅकअप घेत असाल तर बॅकअपमध्येही तोच उलटा बिट जाऊन बसतो.

त्याने रॅम ३२०० वर आणली, तपासणी परत चालवली, चुका शून्य. मेहुण्यांनी टॅलीचा डिसेंबरातला जुना बॅकअप काढून आताच्या आकड्यांशी ताडून पाहिला. दोन संध्याकाळ गेल्या. सुदैवाने सगळं जुळलं.

वही आता निराळी दिसते. प्रत्येक पानावर तारीख, काय बदललं, आधी काय होतं, तीन वेळचे आकडे, आणि परत कसं फिरवायचं. जुलैत त्याच्या गावातल्याच एका कॉलेजात स्पर्धा होती. अशा स्पर्धांत संगणक आयोजकांचे असतात. २०१९ मध्ये मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वनच्या मंचावर जगभरातले डोटाचे संघ उतरले, तेही आयोजकांच्याच संगणकांवर खेळले. घरी केलेलं काहीच तिथे बरोबर जात नाही. माउस, पॅड, कीबोर्ड आणि हेडसेट पाठीवरच्या बॅगेत घालून तो गेला. बाकीची मुलं खेळ उघडून सराव करायला लागली होती. त्याने आधी अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं. तिथे ६० होतं. त्याने ते १४४ केलं, मग उठून शेजारच्या संगणकावर बसलेल्या समोरच्या संघातल्या मुलालाही ते दाखवलं.